थकवा म्हणजे आळस नव्हे

आपल्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीचा जिना २६ पायऱ्यांचा आहे. रोज चढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या मोजल्या असतील. मोजण्याची वेळच येत नाही. मी मोजल्या आहेत. जून २०२४ मध्ये मी दुसऱ्यांदा प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसू लागले, तेव्हा तेराव्या पायरीवर थांबून, कठडा धरून मी चपलेचा पट्टा नीट करीत असे. पट्टा नीटच असे. मला दम खायचा असे आणि तो कुणाला दिसू नये असे वाटत असे.

त्यानंतर सात महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्याहून एका चमत्कारिक नावाच्या आजाराच्या बातम्या येऊ लागल्या. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव (हे आपल्या मराठवाड्याचे नांदेड नव्हे, पुण्याजवळचे गाव) या भागांत ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’चे, म्हणजेच ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागून एक सापडत होते. दीड-दोन महिन्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. वर्गातल्या मैत्रिणी वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अगं, हाच ना तुझा आजार?” हाच. मला तो पुण्यात नव्हे, अंबड तालुक्यातल्या माझ्या गावी झाला होता, आणि या बातम्यांच्या दीड वर्ष आधी झाला होता.

वार्षिकांकासाठी त्याच्यावर लिही, असा मैत्रिणींचा तेव्हापासून आग्रह आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. जे सोसले, आणि पुढे डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजून घेतले, तेवढेच येथे मांडते. आजाराविषयी पुष्कळ छापून आले आहे. मला अधिक सांगायचे आहे ते आजार ‘बरा’ झाल्यानंतरच्या दिवसांविषयी.

नाव परदेशी, आजार घरचा

ऑगस्ट २०२३. पावसाने दडी मारली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. मला तीन दिवस जुलाब झाले. गावात त्या आठवड्यात अनेकांना झाले होते, त्यामुळे कुणी विशेष मनावर घेतले नाही. दहा-बारा दिवसांनी सकाळी उठले तर पायांच्या बोटांना मुंग्या. दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडताना पाऊल उचलेना. तिसऱ्या दिवशी बसलेली उठता येईना, आणि चौथ्या दिवशी वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईनात. आजी म्हणाली, “पोरीला बाहेरचं दिसायलंय.” अण्णांनी मात्र शेजाऱ्यांची जीप काढली आणि मला छत्रपती संभाजीनगरला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी लहान हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केले. एरवी अशा वेळी पाय आपोआप उडी मारतो. माझा हलला नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासले, मज्जातंतूंतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते यंत्रावर पाहिले, आणि आजाराचे नाव सांगितले. या नावामागे फ्रान्सचा इतिहास आहे. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच दोन सैनिकांचे वर्णन केले. त्यांच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिने वाढलेली होती, पण पेशी वाढलेल्या नव्हत्या. ती खूण आजही निदानाला उपयोगी पडते.

आजार का होतो? आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा असते. जुलाबांना कारण होणारा ‘कॅम्पायलोबॅक्टर’ नावाचा एक जंतू आहे. त्याच्या आवरणावरचे काही घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांसारखेच दिसतात. जंतूला मारायला निघालेले सैन्य मग चुकून घरच्याच माणसांवर तुटून पडते. मज्जातंतूवर मायलिन नावाचे एक आवरण असते, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते तसे. ते सोलले जाते, काही वेळा आतली तारही तुटते, आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. हा आजार विरळा आहे. वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. मला पाच दिवस शिरेतून ‘इम्युनोग्लोब्युलिन’ दिले गेले. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार होते. ज्यांची तोंडे मी कधी पाहिलेली नाहीत अशा हजारो माणसांचे थोडेथोडे रक्त माझ्या अंगात आहे, हे मी विसरत नाही. अण्णांनी त्यासाठी काय विकले ते त्यांनी मला अजून सांगितलेले नाही. पण गोठ्यात आता एकच म्हैस आहे.

घरी आल्यावर

तीन आठवड्यांनी मी घरी आले. दिवाळीपर्यंत वॉकर घेऊन अंगणात चालू लागले, संक्रांतीपर्यंत काठीने, आणि होळीला काठीही सोडली. गावाने म्हटले, पोर वाचली, देवाची कृपा. येथे खरे तर गोष्ट संपायला हवी होती.

पण सकाळी उठून अंघोळ केली की मी पुन्हा आडवी होत असे. दोन भाकरी थापल्या की हात जड होत. पुस्तकाचे एक पान वाचले की दुसऱ्या पानावर पहिले विसरे. ज्यांना कधी असा थकवा आलेला नाही त्यांना तो समजावून सांगणे कठीण आहे. दिवसभर कापूस वेचून येणारा थकवा मला ठाऊक आहे. तो रात्रीच्या झोपेने जातो. हा झोपून उठल्यावरही तसाच उशाशी बसलेला असे.

दुखणे दिसते तोवर माणसे जपतात. काठी सुटली आणि माझे दुखणे दिसेनासे झाले. चुलती आईला म्हणाली, “दवाखान्यात होती तव्हा दुखणं होतं. आता कशाचं दुखणं? निस्ती झोपायली दिवसभर.” कॉलेजात एकदा तासाला माझे डोके बाकावर टेकले तेव्हा सरांनी विचारले, “काय, रात्रभर मोबाइल का?” वर्ग हसला. मीही हसले. सरांना माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि सांगायचे तर काय सांगणार? आजार बरा झाला होता. पुढे पुढे मलाच वाटू लागले की आपण आळशी झालो आहोत. सप्टेंबर २०२४ मध्ये मी शिक्षण सोडण्याचे मनाशी पक्के केले होते. घरात स्थळांच्या गोष्टीही सुरू झाल्या होत्या.

गावाकडच्या एका दवाखान्यात मला ‘ताकद येण्यासाठी’ तीन वेळा सलाईन लावण्यात आले. त्या बाटलीत काय असते ते नंतर कळले. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. दोन कप गोड चहा पिऊन जेवढी ताकद येईल तेवढीच तिच्यातून येते. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याच्या थकव्यावर तो उपाय नव्हे.

वायर आणि विहीर

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी पुन्हा संभाजीनगरला तपासणीसाठी गेले. त्या दिवशी एक तरुण शिकाऊ डॉक्टर होत्या. त्यांनी एक कंपन-काटा वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारले, “थरथर जाणवते का?” नाही. तो आजाराचा अवशेष असेल असे मला वाटले. त्यांनी माझी जीभ पाहिली. ती लाल आणि गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी विचारले, “तू जेवतेस काय?”

तेरा महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

मी सांगितले: भाकरी, वरण, पिठले, भाजी, ठेचा. आमचे घर माळकरी, मांस-अंडी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. दूध? म्हशीचे दूध डेअरीला जाते. घरी चहापुरते राहते. गोळ्या? दवाखान्यातून आल्यापासून ॲसिडिटीची गोळी रोज चालू, कारण ती बंद करायला कुणी सांगितले नव्हते. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. ‘ब-१२’ जीवनसत्त्व किमान २०० च्या आसपास हवे असते, ते ११२ निघाले. ‘ड’ जीवनसत्त्व २० च्या खाली गेले की कमतरता समजतात, ते ११ होते. हिमोग्लोबिन साडेनऊ.

अण्णांना हे कसे समजावून सांगावे या विचारात मी होते, पण तेच म्हणाले, “म्हंजी मोटारीसारखं झालं.” शेतातली मोटार पाणी फेकत नसली की अण्णा आधी फ्यूज पाहतात, मग वायर, मग फुटबॉल, आणि शेवटी वाकून विहिरीत डोकावतात. वायर जळालेली सापडली म्हणून ते थांबत नाहीत. कारण वायर जोडली आणि विहीरही आटलेली असली, तर मोटार कोरडीच फिरते. माझी वायर जळाली होती हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे माझ्या प्रत्येक तक्रारीचे कारण वायर ठरत गेले, आणि विहिरीत कुणी डोकावलेच नाही.

या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचा थकवा एकाच कारणाचा असतो असे नाही. मज्जातंतूंच्या आजाराचा स्वतःचा एक थकवा असतो. जीबीएसच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना तो बराच काळ छळतो, आणि हातापायांची शक्ती परत आली तरी तो राहू शकतो. आवरण सोलले गेले असेल तर ते काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येते. आतली तार तुटली असेल तर ती दिवसाला सुमारे एक मिलीमीटर या गतीने वाढते; कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचे अंतर जवळजवळ एक मीटर आहे, हिशेब तुम्हीच करा. या थकव्यावर इंजेक्शन नाही. दुसरा थकवा मात्र शरीरात काहीतरी कमी पडल्याचा असतो. तो रक्ताच्या तपासणीत सापडतो, आणि भरून काढता येतो. पहिला ठाऊक आहे म्हणून दुसरा शोधायचाच नाही, ही चूक माझ्या बाबतीत झाली.

जीवनसत्त्वांची गोष्ट

अन्नातल्या एखाद्या सूक्ष्म घटकाच्या अभावाने मज्जातंतू निकामी होतात, हे माणसाला फार उशिरा समजले. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरच्या लक्षात आले, की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हा आजार तसाच होता. कोंड्यातला तो घटक म्हणजे आजचे ‘ब-१’ जीवनसत्त्व. १९१२ मध्ये फुंक या शास्त्रज्ञाने अशा घटकांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिले, आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग का होतो, हे तिला शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे हे तिने ताडले, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या स्त्रिया सुधारतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. पानांचा, म्हणून त्याचे नाव ‘फॉलिक आम्ल’. आज गरोदर स्त्रियांना ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या मुळाशी मुंबईच्या गिरणी कामगार बाया आहेत.

ब-१२ ची गोष्ट याच काळातली. एक विशिष्ट पंडुरोग झाला की रुग्ण हमखास दगावत असे. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज भरपूर कलेजी खायला घातली आणि ते उठून बसले. कलेजीत असे काय आहे, ते शोधायला आणखी २२ वर्षे लागली. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी लाल रंगाचे बारीक स्फटिक हाती आले. तेच ब-१२. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. ही गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने उलगडली. १९६४ च्या तिच्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. मला जे इंजेक्शन मिळते तेही लालच असते.

आपल्या ताटात काय नाही

ब-१२ हे कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, कोणताही प्राणीही तयार करीत नाही; ते फक्त सूक्ष्म जंतू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते बनवतात आणि तेथून ते दुधात व मांसात उतरते. म्हणून भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणे, फळे यांत ते नसते. पालकात लोह व फॉलिक आम्ल असेल, पण ब-१२ नाही. आपल्या जिल्ह्याची मोसंबी कितीही रसाळ असली तरी तिच्यातही नाही.

आपली गरज तरी किती? दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-अडीच. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळू शकते. मोठ्या पेलाभर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम असते. म्हणजे रोज दोन-अडीच पेले दूध-दही पोटात जायला हवे. चहातले चार चमचे नव्हे. शिवाय ते पोटात जाऊन भागत नाही. जठरातल्या आम्लाने ते अन्नापासून सुटे व्हावे लागते, जठरातलाच एक खास पदार्थ त्याला हाताशी धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतो, आणि तेथे ते शोषले जाते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहावरची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली तर ही वाट अडू शकते. माझ्या बाबतीत ताटातही नव्हते आणि वाटही अडलेली होती. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, म्हणून कमतरता चटकन दिसत नाही. साठा हळूहळू संपतो आणि मग माणूस हळूहळू विझतो.

ब-१२ कमी पडले की दोन ठिकाणी नुकसान होते. एक, रक्ताच्या पेशी नीट तयार होत नाहीत. दुसरे, मज्जातंतूंवरचे तेच मायलिनचे आवरण नीट राहत नाही. म्हणजे जीबीएसने माझे जे आवरण सोलले होते, तेच पुन्हा विणण्याचे सूत घरात नव्हते. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, विसरभोळेपणा, उदासी, थकवा ही लक्षणे दोन्हींची असू शकतात, म्हणूनच फसगत होते.

आणखी एक फसगत सांगते. ब-१२ कमी असले की रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. लोह कमी असले की लहान होतात. दोन्ही कमी असले तर सरासरी आकार बरोबर येतो, आणि साध्या तपासणीचा कागद ‘ठीक’ म्हणतो. माझा कागद तसाच होता. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. बाकी कुणाला संशय आला नाही.

हे माझ्या एकटीचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे हा केवळ गरिबीचा प्रश्न नाही. त्याआधी १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला होता. त्यांतल्या दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते, फॉलिक आम्ल मात्र जवळजवळ सर्वांना पुरेसे होते. लुसी विल्सच्या मुंबईत जे कमी होते ते आता भरले आहे. जे आता कमी आहे त्याकडे आपले लक्ष नाही.

घाई नको

हे वाचून कुणी औषधाच्या दुकानातून मूठभर गोळ्या आणू नयेत, म्हणून हे चार शब्द. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेत राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. ‘ब-६’ फार मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतले तर तेच मज्जातंतूंना इजा करते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६० हजार युनिटच्या पुड्या आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर विषासारख्या बाधतात. आधी तपासणी, मग डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, हाच क्रम बरा.

मला सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शन मिळाले. आता गोळी आहे. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. त्यासाठी माळ काढून ठेवा असे आम्हांला कुणी सांगितले नाही, आणि तशी गरजही नाही. औषधातले ब-१२ जंतूंपासूनच तयार करतात.

महिन्याभरात जीभ बरी झाली. जानेवारी २०२५ च्या शेवटी एके दिवशी मी वर्गात जाऊन बसले आणि लक्षात आले की तेरावी पायरी केव्हा गेली ते कळलेच नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर थकवा सगळा गेलेला नाही. निम्मा गेला. उरलेला निम्मा वायरीचा आहे, आणि त्याच्याशी मी आता भांडत नाही. दुपारी अर्धा तास पडते, कामे वाटून करते, आणि रोज ठरवून चालते. हॉलंडमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले आहे, की अशा रुग्णांनी बारा आठवडे बेताबेताने सायकल चालवली तर थकवा बराच कमी होतो. अंग मोडेपर्यंत कष्टही नकोत आणि दिवसभर अंथरुणही नको. गुरुजनांना एवढीच विनंती, की आजारातून उठून आलेला विद्यार्थी तासाला पेंगला तर एकदा त्याला बाजूला बोलावून विचारावे. माझ्याबरोबरच्या मुली आज तिसऱ्या वर्षाला आहेत आणि मी दुसऱ्या. पण मी आहे.

आईचे तळपाय

शेवटी एक गोष्ट. ब-१२ विषयी जे मिळेल ते मी वाचत होते. एका ठिकाणी लिहिले होते, की या रुग्णांना पायांखालची जमीन नीट कळत नाही. ते डोळ्यांनी तोल सांभाळतात, म्हणून अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो.

मी पुस्तक मिटून ठेवले. माझी आई तोंड धुताना एक हात भिंतीला लावते. कित्येक वर्षे. पायातली चप्पल वाटेत निसटून पडते आणि तिला दहा पावलांनी कळते. आम्ही भावंडे तिच्यावर हसत असू. रात्री तिच्या तळपायांची आग होते, तेव्हा आजी काशाच्या वाटीने तूप लावून ते घासते. “वयाचं आहे, उष्णतेचं आहे,” असे सगळे म्हणत. आईचे वय ४४ आहे. घरात ती सर्वांत शेवटी जेवते. पहाटे म्हैस तीच पिळते, डेअरीची किटली तीच भरते, आणि तिच्या वाट्याला येतो तो काळा चहा.

तपासणीला चल म्हटले तर म्हणाली, “माझ्यासाठी कशाला पैसे घालायलीस? मला काय झालंय?” खासगी तपासणीला बाईमाणसाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतके पैसे पडले. माझा आकडा ११२ होता. तिचा ८६ निघाला. दीड वर्ष सगळे घर माझ्या उशापायथ्याशी बसले होते, आणि जी मला उचलून अंघोळीला नेत होती तिचेच पाय बधिर होते.

डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर सगळे भरून निघाले असते. आता जेवढे येईल तेवढे. तिची इंजेक्शने चालू आहेत. किटलीत आता अर्धा लिटर दूध कमी जाते, आणि त्याचे दही घरात लागते. तळपायांची आग अजून आहे, पण आजीला काशाची वाटी रोज काढावी लागत नाही. मागच्या महिन्यात मी पाहिले, आई दोन्ही हातांनी तोंड धूत होती.

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपली आई जेवते काय, हे एकदा पाहा.